प्रसाद आधी, निकाल नंतर



आजचा श्लोक : भगवद्गीता, अध्याय दुसरा, श्लोक ६५. जमलं तर त्याच्या आगेमागचे ६२ ते ६६ असे पाचही श्लोक एकदा सलग वाचून घ्या. पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत, आणि आजचा सगळा विषय त्या पाचांच्या क्रमात आहे.

विषय उन्हाळ्याचा आहे. पण आंबे आणि सुट्टीवाल्या उन्हाळ्याचा नाही. शेवटचं वर्ष संपलंय, निकाल यायचाय. ऑफर आहे, पण जॉइनिंगची तारीख नाही. भरतीचा फॉर्म भरलाय, परीक्षा कधी ते कोणालाच माहीत नाही. पुण्यातली रूम सोडली आणि सामान घेऊन गावी आलो, "थोडे दिवस" म्हणून. बावीस ते सव्वीस वयातला असा एखादा उन्हाळा बहुतेकांच्या वाट्याला येतोच.

शिरूर आणि दौंड भागात असे उन्हाळे घराघरात दिसतात. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेचे हे शेजारी तालुके. शिरूरला, म्हणजे जुन्या लोकांच्या घोडनदीला, नगर रोड आहे आणि नदी आहे, रेल्वे नाही. दौंडची ओळखच रेल्वे जंक्शन. एकीकडे रांजणगावची एमआयडीसी, दुसरीकडे कुरकुंभची, आणि मध्ये ऊस. इथली पोरं-पोरी शिकायला पुण्याला जातात आणि काही लटकलं की उन्हाळ्यात घरी परततात. मग दुपारी पंख्याखाली पडून मोबाइलवर तेच एक पान पुन्हा पुन्हा उघडायचं. आणि संध्याकाळी ओट्यावर कोणीतरी विचारणारच, "मग, काय झालं का काही?"

या काळात एक अडचण हमखास येते, आणि ती कोणी बोलून दाखवत नाही. मध्येच एखादा छान क्षण येतो. मावशीकडे हसून हसून पोट दुखतं, किंवा नदीवर मस्त वारं सुटतं. आणि लगेच मनात टोचतं : अजून काहीच ठरलं नाही आणि मी हसतोय? आधी काहीतरी होऊ दे, मग आनंद. आज याच टोचणीकडे गीतेच्या आधाराने बघू.

श्लोकाचा क्रम नीट बघा

अर्जुनाने ५४व्या श्लोकात विचारलंय, की ज्याची बुद्धी स्थिर झाली तो माणूस असतो कसा? उत्तर देताना भगवंत ६२ आणि ६३ मध्ये एक घसरगुंडी दाखवतात. माणूस एखाद्या विषयाचं सतत चिंतन करत राहतो. त्यातून ओढ लागते, ओढीतून हाव, हाव अडली की राग, रागातून गोंधळ, गोंधळातून विसर, आणि शेवटी बुद्धीच हातची जाते.

आपण "विषय" म्हटलं की खाणं-पिणं, पैसा वगैरे समजतो. पण निकालाचं पान हाही एक विषयच आहे. दिवसात चाळीस वेळा ते पान उघडणं म्हणजे त्याचं चिंतनच. आमच्या क्षेत्रात याला पोलिंग म्हणतात. एक प्रोग्राम दुसऱ्याला सारखा विचारत राहतो, झालं का, झालं का? उत्तर तेव्हाच येतं जेव्हा यायचं असतं, आपली ताकद मात्र विचारण्यातच जळते. ओळखीचं वाटतंय ना? दोन दिवस असं केलं की तिसऱ्या दिवशी आईने चहाला हाक मारली तरी आपण खेकसतो. घसरगुंडीची चौथी पायरी.

६४ आणि ६५ मध्ये उलटा जिना आहे. माणूस जगात वावरतोच आहे, डोळे-कान बंद करून बसलेला नाही, पण हवं-नकोच्या ओढाताणीतून सुटलेला आहे. अशाला "प्रसाद" मिळतो. त्या प्रसादात दुःखं ओसरतात. आणि ज्याचं चित्त प्रसन्न, त्याची बुद्धी लवकर स्थिर होते.

आता इथे थांबा. आपला हिशोब काय असतो? आधी सगळं स्थिर होऊ दे, मग मी प्रसन्न होईन. गीतेचा क्रम बरोबर उलटा आहे. आधी प्रसन्नता, मग स्थिरता. प्रसन्न चित्त हे स्थिर बुद्धीचं कारण म्हणून सांगितलंय, बक्षीस म्हणून नाही. म्हणजे अनिश्चित काळात छोटा आनंद घेणं ही चैन नव्हे. पुढचे निर्णय ज्या डोक्याने घ्यायचेत ते डोकं ठिकाणावर ठेवायची ती सोय आहे.

ज्ञानेश्वर माउलींनी या श्लोकाला दोन सुंदर दृष्टांत दिलेत. एक, ज्याच्या पोटातच अमृताचा झरा आहे त्याला तहान-भुकेची भीती कसली? दुसरा, वारा नसलेल्या जागी ठेवलेला दिवा, जो अजिबात थरथरत नाही. पहिल्या दृष्टांतात झरा आत आहे हे लक्षात घ्या. बाहेरून टँकर येईल आणि मग तहान भागेल, असं तिथे नाही.

एक शब्द, तीन जागा

"प्रसाद" हा शब्द गीतेत शोधत गेलो की मजा येते. दुसऱ्या अध्यायात तो वर पाहिला तसा, चित्ताचा स्वच्छपणा या अर्थाने. गढूळ पाणी निवळल्यावर दिसतं तसं.

सतराव्या अध्यायात १४ ते १६ या श्लोकांत तपाचे तीन प्रकार येतात : शरीराचं, वाणीचं आणि मनाचं. मनाच्या तपात पाच गोष्टी आहेत, आणि त्यातली पहिलीच आहे मनःप्रसाद, मनाची प्रसन्नता. सौम्यपणा, मौन, संयम, भावशुद्धी हे सगळं नंतर. तप म्हटलं की आपल्याला कपाळावर आठ्या दिसतात, आणि इथे प्रसन्न राहणं हेच तप आहे. त्याच अध्यायाच्या ५ आणि ६ या श्लोकांत, दंभाने स्वतःच्या शरीराला पिळवटणाऱ्यांना भगवंत चांगलेच सुनावतात. तेव्हा "काही झालं नाही म्हणून मी जेवणार नाही, कोणाशी बोलणार नाही, लग्नाला येणार नाही" या हट्टाला तप समजू नका. सहाव्या अध्यायात तर योग्यासाठी आहाराबरोबर विहारसुद्धा हवा म्हटलंय, फक्त बेताचा.

तिसरी जागा अठराव्या अध्यायात. तिथे सात्त्विक सुख कशातून येतं हे सांगताना पुन्हा "प्रसाद" आहे. आणि पुढे त्याच अध्यायात शब्दाचा अर्थ बदलतो : ईश्वराची कृपा. शेवटी अर्जुन म्हणतो, तुझ्या प्रसादाने माझा मोह गेला. म्हणजे निवळलेलं मन आणि देवाची कृपा, दोन्हींना गीता एकच शब्द वापरते.

आणि आपण मराठी माणसं? आपण देवळात हातावर पडलेल्या चिमूटभर साखरेला प्रसाद म्हणतो. कोणी पुजाऱ्याला म्हणतं का, एवढासाच दिलात? त्याचा आकार कोणी मोजत नाही. उजवा हात पुढे करतो, त्याखाली डावा धरतो, आणि मिळेल ते तोंडात टाकतो. छोटा आनंद असाच घ्यायचा असतो. याने पोट भरेल का, असं त्याला विचारायचं नाही.

२०२० चा उन्हाळा

हे सगळं नुसतं पुस्तकी वाटू नये म्हणून एक खरा उन्हाळा आठवू. २४ मार्च २०२० च्या रात्री लॉकडाऊन जाहीर झाला, दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. पुण्यात शिकणारी मुलं गावोगाव अडकली. पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षा होणार की नाही यावर महिनोन्‌महिने घोळ चालला. जूनमध्ये राज्य सरकारने त्या न घेण्याचं ठरवलं, ६ जुलैला यूजीसी म्हणाली घ्याव्याच लागतील, आणि २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही.

एमपीएससीवाल्यांचं तर विचारूच नका. राज्यसेवेची पूर्व परीक्षा ५ एप्रिल २०२० ला होती. ती पुढे गेली, परत गेली, सप्टेंबर झाला, ऑक्टोबर झाला. मग १४ मार्च २०२१ ठरली, आणि ऐन तोंडावर तीही ढकलली. पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली. शेवटी पेपर झाला २१ मार्च २०२१ ला. जवळजवळ एक वर्ष. त्या वर्षात "आधी परीक्षा होऊ दे, मग हसू" असं ज्यांनी ठरवलं असेल, त्यांचं अख्खं वर्ष गेलं. त्यातही खोली-भाड्याचा आणि वयोमर्यादेचा घोर होताच. तो घोर खोटा नव्हता, आणि प्रसन्नता म्हणजे तो नाकारणं नव्हे.

त्याच उन्हाळ्यात दौंड तालुक्यात आणखी एक गोष्ट घडली नाही. दरवर्षी तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून यवतला येते, तिथून वरवंडला जाते. यवतच्या मुक्कामाची पिठलं-भाकरी वारकऱ्यांत प्रसिद्ध आहे. मोठमोठ्या कढयांत पिठलं रटरटतं आणि भाकऱ्या गावातल्या घराघरांतून येतात. दिवसभर चाललेल्या माणसाच्या हातावर गरम भाकरी आणि वर पिठलं. २०२० मध्ये १२ जूनला देहूत मोजक्या लोकांत प्रस्थान झालं, पादुका देहूतच राहिल्या, आणि ३० जूनला एसटी बसने पंढरपूरला गेल्या. यवतला पालखीचा मुक्काम झाला नाही, तशा पंगती बसल्या नाहीत. २०२१ मध्येही पादुका बसनेच गेल्या. २०२२ मध्ये वारी पुन्हा पायी निघाली.

यातून मला एवढंच दिसतं की ज्या गोष्टीला आपण साधी समजतो, एक भाकरी आणि त्यावर पिठलं, ती गेल्यावर कळतं की ती किती मोठी होती. मग ती समोर असतानाच का कळू नये?

सगळेच छोटे आनंद सारखे नसतात

इथे एक प्रश्न येणारच. मी दुपारभर रील्स बघतो, मला छान वाटतं, मग तोही प्रसादच का? याला गीतेत थेट कसोटी आहे. अठराव्या अध्यायात, श्लोक ३६ ते ३९.

राजस सुख सुरुवातीला अमृत, शेवटी विष. तामस सुख सुरुवातीला आणि शेवटीही गुंगी आणणारं, झोप-आळस-बेफिकिरीतून आलेलं. आणि सात्त्विक सुख सुरुवातीला कडवट, पण शेवटी अमृत.

कसोटी सोपी आहे : झाल्यावर मन कसं आहे ते बघा. दोन तास रील्स बघून फोन बाजूला ठेवला की कसं वाटतं? डोकं जड, वेळ गेल्याची चुटपुट, आणि लगेच पुन्हा फोनकडे हात. आता दुसरं बघा. पहाटे साडेपाचला उठून शिरूरला घोड नदीच्या बाजूला फिरायला जायचं. उठताना जिवावर येतं, अगदी विष. परत येताना अंगाला गार वारं लागलेलं असतं आणि मन हलकं. गच्चीवर आईबरोबर कुरडया घालायला बसा. पहिली दहा मिनिटं कंटाळा, हात पोळतो, आकार फसतो. तासाभराने धोतरावर पांढऱ्याशुभ्र ओळी दिसतात, आणि तेवढ्या वेळात एकदाही निकालाचं पान आठवलेलं नसतं. रसवंतीवर घुंगरांच्या आवाजात मित्राबरोबर एक ग्लास रस पिणं, मोराच्या चिंचोलीत चिंचेखाली मोर दिसेल म्हणून गप्प बसणं, दौंडला भीमेच्या काठी संध्याकाळी हरिपाठ म्हणणं : यातलं काहीही घ्या आणि नंतर मन तपासा. निवळलं असेल तर प्रसाद. गढूळ झालं असेल तर नुसता टाइमपास.

छोट्याची ताकद बघायची असेल तर शिरूर तालुक्यातल्या टाकळी हाजीला जा. कुकडी नदीच्या पात्रात, पलीकडे पारनेर तालुक्यातलं निघोज, तिथे काळ्या बेसॉल्टमध्ये खोल रांजणखळगे आहेत. ते घडवले कोणी? भोवऱ्यात सापडलेल्या दगड-गोट्यांनी. पाण्याबरोबर ते त्याच जागी गरगर फिरत राहिले आणि खडक कोरत गेले. रोजचा अर्धा तास असाच काम करतो. आणि हे खळगे नीट दिसतात केव्हा? पाणी कमी असतं तेव्हा. पूर असताना नुसतं पाणीच दिसतं.

तुकोबांची विशी

तुकाराम महाराजांचा जन्म साधारण १६०८ चा मानतात, आणि मोठा दुष्काळ १६३० च्या सुमाराचा. म्हणजे महाराज तेव्हा बाविशीच्या आसपास, तुमच्याच वयाचे. आपल्या आयुष्याबद्दल त्यांनी स्वतःच अभंगातून सांगितलंय. दुष्काळाने पैसा गेला, मान गेला, पत्नी अन्नावाचून गेली, धंद्यात खोट आली, लोकांत तोंड दाखवायची लाज वाटू लागली.

मग त्यांनी काय केलं? देऊळ मोडकळीला आलं होतं, ते नीट करावंसं वाटलं. एकादशीला कीर्तन करू लागले, तेही सुरुवातीला मन अभ्यासात नसताना. संतांची काही वचनं विश्वासाने पाठ केली. आणि मला सगळ्यात आवडतं ते हे : पुढे जे गात असत, त्यांच्या मागे उभं राहून ते धृपद धरत. जगद्गुरू होण्याच्या आधीचे तुकोबा मागच्या ओळीत उभे राहून टाळाबरोबर एक ओळ म्हणतायत. उद्याचा पत्ता नाही, पण आजची ओळ आहे. त्यांचं दुःख लहान नव्हतं, आणि मागे उभं राहून धृपद धरण्याने ते नाहीसं झालं असंही नाही. पण मन निवळायला तिथून सुरुवात झाली.

तुमच्या गावात भजनी मंडळ असेल तर मागे जाऊन उभे राहा. आवाज बेसूर असला तरी चालतो, टाळ आहेतच.

घरच्यांसमोर हसायचं कसं?

ही टोचणी खरी आहे. बाबांनी कर्ज काढलेलं असतं, बहिणीचं शिक्षण चालू असतं. आपण हसलो तर त्यांना वाटेल याला काही गांभीर्य नाही. पण घरात एक माणूस चिडका असला की स्वयंपाकघरापर्यंत सगळे दबकून वागतात. तुमचं तोंड पाडून बसणं हा घरच्यांवर आणखी एक भार आहे. अर्ज करा, अभ्यास करा, मुलाखती द्या, त्यात कसूर नको. पण त्यानंतर आजीजवळ बसून शेंगा फोडताना हसू आलं तर येऊ द्या. त्या हसण्यातून तिलाही धीर मिळतो.

दौंड स्टेशनची एक गंमत सांगतो. नगरकडून येऊन पुण्याला जाणाऱ्या गाड्यांना इथे दिशा बदलावी लागायची. इंजिन सुटायचं, दुसऱ्या टोकाला लागायचं, आणि गाडी ज्या बाजूने आली त्याच बाजूने निघायची. आता कॉर्ड लाइन झाल्यापासून अनेक गाड्यांचा हा फेरा वाचलाय. पण तेव्हा पहिल्यांदा प्रवास करणारा माणूस घाबरून शेजाऱ्याला विचारायचा, "अहो, गाडी परत चालली की काय?" जुने प्रवासी मात्र निवांत. त्या थांब्यात ते उतरून पाणी भरून घ्यायचे, चहा प्यायचे. गाडी पुण्यालाच जात होती.

तुमची गाडी कुठे जाणार हे मी सांगू शकत नाही. पण थांबा आहे तोवर पाणी भरून घ्या.

आजचा अभ्यास

एक. निकाल, मेल, भरतीचं पान, जे काही असेल ते दिवसातून दोनदाच बघायचं. सकाळी ११ आणि संध्याकाळी ६. मध्ये हात गेला तर एकदा "राम कृष्ण हरी" म्हणा आणि फोन पालथा ठेवा.

दोन. रोज हाताने करायचं एक काम निवडा. झाडांना पाणी, माठ घासून भरणं, भाकरी शिकणं. पहिले चार दिवस कंटाळा येणारच, ३७वा श्लोक आठवा.

तीन. रात्री झोपताना दिवसभरातला एक प्रसाद आठवून वहीत एका ओळीत लिहा. "कैरीचं पन्हं." "बाबा आज जोक मारले." बस, एवढंच. आठवड्याने वाचून बघा.

आणि एक मनापासून सांगतो. दोन-तीन आठवडे झाले तरी कशातच गोडी वाटत नसेल, झोप-भूक गेली असेल, जगणं नको वाटत असेल, तर तो श्लोकाच्या अभ्यासाने एकट्याने सोडवायचा विषय नाही. घरच्यांना सांगा, डॉक्टरांकडे जा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो. देवाची कृपा डॉक्टरांच्या हातूनही येते.

उद्या श्लोक ६६ बघू, ज्यात भगवंत विचारतात की शांती नसेल तर सुख कुठून येणार? तोवर आजच्या वहीतली पहिली ओळ लिहून ठेवा.

राम कृष्ण हरी!